अठरा भुतं तळहातावर कशी मावली: डार्कस्टॉकर्स समजून घेऊया

मॉरिगन नावाची एक पोरगी स्क्रीनवर उभी आहे. हिरवट लांब केस, डोक्यावर छोटे पंख, पाठीला मोठे पंख, आणि ती नुसती उभी असली तरी स्थिर नाही, श्वास चालू आहे, केस हलतायत, कंबर एका लयीत डोलतेय. आता तुम्ही जोरात पंच मारायचं बटण दाबलं की तिचा हात पुढे येत नाही, तिचे पंखच वितळल्यासारखे पुढे सरकतात आणि त्यांचे भाले होतात, आणि वार संपला की तेच भाले परत मागे जाऊन पंख बनतात. हे सगळं अर्ध्या सेकंदात. पहिल्यांदा बघताना डोळ्याला फक्त एवढंच कळतं की काहीतरी भारी झालं, पण नेमकं काय झालं ते कळत नाही.

डार्कस्टॉकर्स ही फायटिंग गेमची, म्हणजे दोघं समोरासमोर मारामारी करतात अशा व्हिडिओ गेमची मालिका, आणि ती समजून घ्यायची तर एवढी एकच गोष्ट पकडून ठेवा, की इथल्या लढवय्यांचं शरीर ठरलेलं नाही. माणसांच्या फायटिंग गेममध्ये हाताला हाताची लांबी असते, पायाला पायाची. इथे जवळजवळ सगळे भुतंखेतं, त्यामुळे हात तलवार होतो, पाय करवत होतो, माणूस चेंडू होतो, आणि हे सगळं कुणीतरी बसून हाताने काढलंय. त्यामुळेच गेम इतका सुंदर झाला, त्यामुळेच तो वेगळ्या पद्धतीने खेळला जातो, आणि त्यामुळेच तो घरी आणायला, मग खिशात मावेल अशा मशीनवर आणायला इतकी वर्षं गेली. मी आज हे सगळं नीट उलगडून सांगणार आहे, कारण या मालिकेबद्दल मराठीत वाचायला फारसं सापडत नाही.

तर १९९४. जपानची ओसाकाची कंपनी कॅपकॉम, स्ट्रीट फायटरवाली. स्ट्रीट फायटर २ येऊन तीन वर्षं झाली होती आणि आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या कपाटासारख्या मशीनवर, सगळीकडे एकावर एक मारामारी सुरू होती. कॅपकॉमच्या अमेरिकेतल्या ऑफिसातून कल्पना आली की जुन्या हॉलिवूडच्या भयपटांतले राक्षस एकमेकांशी लढले तर, आणि जपानच्या टीमने ती कल्पना उचलून पूर्ण आपली केली. जपानमध्ये गेमचं नाव व्हॅम्पायर, बाहेर डार्कस्टॉकर्स. मग १९९५ ला दुसरा भाग, जपानमध्ये व्हॅम्पायर हंटर आणि बाहेर नाइट वॉरियर्स, आणि १९९७ ला तिसरा, व्हॅम्पायर सेव्हियर. त्याच वर्षी हंटर २ आणि सेव्हियर २ अशा अजून दोन सुधारित आवृत्त्या आल्या पण त्या फक्त जपानच्या आर्केडमध्ये. नावांचा गोंधळ इथेच संपत नाही, पात्रांची नावंही दोन दोन आहेत, जपानी झाबेल म्हणजे बाहेरचा लॉर्ड रॅप्टर, जपानी गॅलन म्हणजे जॉन टॅलबेन, जपानी लेइ-लेइ म्हणजे सिएन-को. मी बाहेरची नावं वापरतो, सवय ती आहे.

पहिल्या भागात निवडायला दहा जण. रोमानियाचा व्हॅम्पायर डेमिट्री, स्कॉटलंडची मॉरिगन, जी सक्युबस आहे म्हणजे स्वप्नात येऊन पुरुषांना भुलवणारी, हडळीच्या जवळची म्हणता येईल पण हडळ नव्हे. इंग्लंडचा लांडगामाणूस टॅलबेन, जर्मनीचा शिवून तयार केलेला व्हिक्टर, इजिप्तची ममी अनाकारिस, ॲमेझॉनच्या पाण्यातला रिकुओ, अमेरिकेची मांजरबाई फेलिशिया, ऑस्ट्रेलियाचा मेलेला रॉकस्टार लॉर्ड रॅप्टर, कॅनडाचा केसाळ सॅस्क्वाच, आणि जपानचा बिशामोन. हुइत्झिल नावाचा यंत्रमानव आणि पायरॉन हा आगीचा परग्रहवासी हे दोघं तेव्हा बॉस होते, म्हणजे शेवटी हरवायचे शत्रू, दुसऱ्या भागात तेही खेळायला मिळाले आणि त्यांच्यासोबत डोनोव्हन आणि सिएन-को आले, झाले चौदा. तिसऱ्या भागात जेडा, लिलिथ, क्यू-बी आणि बी.बी. हूड आले, एकूण अठरा, पण आर्केडच्या सेव्हियरमधून डोनोव्हन, हुइत्झिल आणि पायरॉन काढून टाकले होते त्यामुळे तिथे पंधराच.

बिशामोनजवळ जरा थांबतो कारण तिथे आपल्याला ओळखीचं काहीतरी आहे. बिशामोन हे नाव बिशामोनतेन या जपानी देवाचं, आणि बिशामोनतेन म्हणजे आपला वैश्रवण, म्हणजे कुबेर, जो बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे चिलखत घातलेला योद्धा झाला. गेममधला बिशामोन म्हणजे शापित चिलखताने झपाटलेला सामुराई, आणि त्या चिलखताचं नाव हान्न्या. जपानमध्ये हान्न्या म्हटलं की शिंगं असलेल्या, मत्सराने राक्षसीण झालेल्या बाईचा मुखवटा आठवतो, पण शब्द मुळात आपला प्रज्ञा, पाली पञ्ञा, तोच तिकडे जाऊन हान्न्या झाला. मला हे कळलं तेव्हा मी दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. कुबेराच्या नावाचा माणूस प्रज्ञेच्या नावाचं चिलखत घालून लोकांना मधोमध कापतोय, शब्द किती लांबचा प्रवास करतात बघा.

आणि हो, कापतो म्हणजे खरंच कापतो. बिशामोनचा वार बसला की समोरच्याचे दोन तुकडे होतात, ते बाजूला सरकतात आणि मग परत जुळतात, लढाई पुढे चालू. यात रक्ताचा चिखल वगैरे नाही, सगळं जुन्या कार्टूनसारखं. विजेचा झटका बसला की आतला सांगाडा दिसतो, थंडी बसली की बर्फाचा ठोकळा होतो. हॉरर आहे पण जत्रेतल्या भूतबंगल्यासारखं, किंचाळायचं आणि लगेच हसायचं. खरी अंगावर येते ती बी.बी. हूड, लाल टोपीतली गोड मुलगी, टोपली घेऊन आलेली, आणि टोपलीत बंदुका आणि क्षेपणास्त्रं. ती भूत नाही, माणूस आहे, पैशासाठी भुतांची शिकार करणारी. अठरा जणांत सगळ्यात निर्दय कोण तर ती, हे ज्याने ठरवलं त्याला मनापासून सलाम.

आता यंत्र आतून कसं चालतं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फायटिंग गेम सेकंदाला साधारण ६० वेळा स्क्रीन नव्याने काढतो. त्या एका वेळेला फ्रेम म्हणतात. पात्राचं एक चित्र काही फ्रेम दिसतं, मग दुसरं, मग तिसरं, वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भर्रकन फिरवतो ना शाळेत, तसंच. जितकी चित्रं जास्त तितकी हालचाल लोण्यासारखी. आणि या चित्रावर न दिसणारे चौकोन ठेवलेले असतात, काही चौकोन म्हणजे इथे मार बसू शकतो आणि काही म्हणजे इथून मार लागतो. त्यांना हिटबॉक्स म्हणतात. मशीनला मॉरिगनचे केस, पंख, डोळे काही माहीत नसतं, तिला फक्त चौकोन कळतात, एकाचा चौकोन दुसऱ्याच्या चौकोनात घुसला की मार बसला.

डार्कस्टॉकर्सची गंमत अशी की चौकोन साधेच आहेत पण त्यांच्यावरचं चित्र वाट्टेल तसं बदलतं. अनाकारिसचा हात रबरासारखा अर्ध्या स्क्रीनभर लांब होतो, व्हिक्टरने जोरात मारलं की त्याचा तेवढाच हात अचानक प्रचंड होतो, रॅप्टरच्या पायाची करवत होते, फेलिशिया गुंडाळून चेंडूसारखी घरंगळत येते. सिएन-को बाहीतून काय फेकेल त्याचा नेम नाही. माणसांच्या गेममध्ये चित्रकाराला एकाच शरीराच्या वेगवेगळ्या पोझ काढाव्या लागतात, इथे जवळजवळ प्रत्येक हल्ल्याला नवीन शरीर.

आणि खर्च फक्त मारणाऱ्याचा नाही, मार खाणाऱ्याचाही आहे, हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सेव्हियरमध्ये डेमिट्रीला मिडनाइट ब्लिस नावाची एक चाल मिळाली. ती लागली की समोरचा जो कोण असेल तो सुंदर बाईमध्ये बदलतो आणि मग डेमिट्री तिचं रक्त पितो. एका पात्राची एक चाल, पण विचार करा, लांडग्याची बाई कशी दिसेल, ममीची कशी, केसाळ सॅस्क्वाचची कशी, चिलखतातल्या सामुराईची कशी, आणि जे आधीच बाई आहेत त्यांचं काय, त्यांचंही वेगळं रूप. म्हणजे एका चालीसाठी गेममधल्या प्रत्येकाचं नवीन चित्र. अनाकारिसकडेही समोरच्याला शाप देऊन बिचाऱ्या छोट्या रूपात बदलायची चाल आहे, तिथे पुन्हा प्रत्येकाचं वेगळं चित्र. आणि नवीन पात्र आणलं की त्याची नुसती स्वतःची चित्रं काढून भागत नाही, बाकीचे सगळे त्याच्यावर जे जे करू शकतात त्या सगळ्याची चित्रं लागतात. पुढे डेमिट्री दुसऱ्या कंपनीच्या एका गेममध्ये पाहुणा म्हणून गेला तेव्हा तिथल्या सगळ्या पात्रांची मिडनाइट ब्लिसमधली रूपं काढायची वेळ त्या चित्रकारांवर आली होती.

खेळण्याच्या पद्धतीवरही याचा परिणाम झाला. सहा बटणं, तीन पंच तीन किक, हलकी मध्यम जड, इथपर्यंत स्ट्रीट फायटरसारखंच. पण स्ट्रीट फायटर २ मध्ये एका मारानंतर दुसरा जोडायचा तर वेळ अगदी नेमकी लागते, एक दोन फ्रेम चुकली की गेलं. डार्कस्टॉकर्सने चेन कॉम्बो आणले, म्हणजे हलक्यापासून जडाकडे चढत्या क्रमाने बटणं दाबत गेलात की मार आपोआप एकमेकांत गुंफले जातात, हलका पंच, हलकी किक, मध्यम पंच, मध्यम किक, जड पंच, जड किक. जिना चढल्यासारखं, पायरी सोडली तर चालते पण खाली उतरता येत नाही. नवख्या माणसालाही हातातून काहीतरी वाहतंय असं वाटतं, आणि स्क्रीनवर ती सगळी रूपं एकातून दुसऱ्यात ओतली जाताना दिसतात. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या कॅपकॉमच्या एक्स-मेनच्या गेममध्ये हीच पद्धत गेली आणि मार्व्हलच्या सगळ्या फायटिंग गेममध्ये पुढे तीच रुजली.

अजून दोन गोष्टी इथून बाहेर गेल्या. हवेत असताना मार अडवता येणं, म्हणजे एअर गार्ड. आधी उडी मारली की मारलीच, वर असताना कुणी मारलं तर नशीब, इथे हवेतही बचाव करता येतो, त्यामुळे लोक बिनधास्त उड्या मारतात आणि खेळ उभाही होतो, आडवा राहत नाही. दुसरी गोष्ट ईएस चाली. नेहमीच्या चालीत एका बटणाऐवजी एकाच जातीची दोन बटणं एकदम दाबली की तीच चाल जास्त जोरात निघते आणि स्क्रीनच्या खालच्या पट्टीतला शक्तीचा साठा खर्च होतो. स्ट्रीट फायटर खेळणाऱ्यांना हे ईएक्स नावाने माहीत आहे, ते तिथे १९९७ च्या स्ट्रीट फायटर ३, सेकंड इम्पॅक्टमध्ये आलं, इथे ते आधीपासून होतं. स्ट्रीट फायटरला मान मिळतो तो बरोबरच आहे, पण अर्धी पेरणी या शेतात झाली होती हे सांगायला पाहिजे.

सेव्हियरमध्ये तर राउंडच काढून टाकले. म्हणजे असं, नेहमी काय होतं, एकाची जीव दाखवणारी पट्टी संपली, खेळ थांबतो, दोघं परत भरल्या पट्टीने उभे राहतात. सेव्हियरमध्ये तुम्हाला दोन वटवाघळं दिलेली असतात, म्हणजे दोन जीव. एक गेला की तुम्ही तिथेच पडता, तिथेच उठता आणि खेळ सुरूच, समोरच्याची पट्टी जिथे होती तिथेच राहते. त्यामुळे पहिला जीव कसा घेतला याला फार किंमत येते, घासून जिंकलात तर पुढे तुमचेच हाल. शिवाय मार बसला की पट्टीचा काही भाग पांढरा होतो आणि थोडा वेळ मार चुकवलात तर तो पांढरा भाग हळूहळू परत भरतो, त्यामुळे समोरच्याला श्वास घ्यायला सोडायचंच नाही. यावर डार्क फोर्स, एकाच ताकदीचा पंच आणि किक एकदम दाबा आणि थोडा वेळ पात्राला खास शक्ती, मॉरिगनची आरशातली प्रतिमा समोरच्याच्या पलीकडे उभी राहते आणि दोन्ही बाजूंनी मार सुरू. सेव्हियर जोरात पळतो. मी आजही तो पाहिला की खुर्चीत पुढे सरकून बसतो.

आता मुख्य प्रश्न, हे घरी कसं आणायचं.

आर्केडच्या कपाटात कॅपकॉमचा सीपीएस-२ नावाचा बोर्ड, म्हणजे चिप्स बसवलेली पाटी, होता. त्यावर सगळी चित्रं रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. आर्केडमध्ये सगळे डबे ओट्याच्या समोर मांडणीवर ओळीने लावलेत, हात लांब केला की जिरं, हात लांब केला की हळद, शोधाशोध नाही. घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मशीनवर, मात्र माल सगळा सीडीवर, म्हणजे माळ्यावर. ओटा म्हणजे रॅम. लढाई सुरू व्हायच्या आधी माळ्यावरून जे लागणार ते सगळं काढून ओट्यावर ठेवायचं, आणि फोडणी सुरू झाली की मध्येच शिडी लावून माळ्यावर जाता येत नाही, फोडणी करपेल. म्हणून ओटा किती मोठा यावर सगळं.

थोडा हिशोब करू, आकडे समजुतीसाठी घेतोय. समजा पात्राचं एक चित्र १२८ बाय १२८ पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं. एका पात्राला १६ रंगांची पेटी, म्हणजे एका पिक्सेलला अर्धा बाइट. १२८ गुणिले १२८ म्हणजे १६,३८४, त्याचं अर्धं ८,१९२ बाइट, म्हणजे ८ किलोबाइट. पात्राची अशी ३०० चित्रं धरली तर २,४०० किलोबाइट, म्हणजे जवळपास अडीच मेगाबाइट. लढाईत दोघं, म्हणजे पाच मेगाबाइटच्या आसपास. वर मागचा देखावा, आवाज, गेम स्वतः. आणि पहिल्या प्लेस्टेशनकडे मुख्य रॅम २ मेगाबाइट आणि चित्रांसाठी वेगळी १ मेगाबाइट. बसणारच नाही. चित्रं दाबून लहान करता येतात, पण एका मर्यादेपर्यंतच, त्यानंतर चित्रं कमी करणं एवढंच उरतं. पहिला डार्कस्टॉकर्स प्लेस्टेशनवर १९९६ ला आला आणि तिसरा १९९८ ला, आणि तिसऱ्यात अठराच्या अठरा पात्रं होती, यादी बघून आनंद होतो, पण मधली मधली चित्रं गाळलेली. वहीतली पानं फाडून मग भर्रकन फिरवल्यासारखं, गोष्ट कळते पण लोणी गेलं. ज्या गेमचा जीवच मधल्या चित्रांत आहे त्याचं हे असं होणं जिव्हारी लागतं.

सेगा सॅटर्न या दुसऱ्या घरच्या कन्सोलची तऱ्हा बरी होती. १९९८ ला जपानमध्ये सॅटर्नवर सेव्हियर आला तो ४ मेगाबाइटच्या जास्तीच्या रॅम कार्टरिजसह चालणारा, म्हणजे ओटा पुरत नाही म्हणून शेजारी फोल्डिंग टेबल लावलं. आणि फरक पडला, चांगलाच पडला, आर्केडच्या खूप जवळ गेला तो. पण जपानबाहेर आलाच नाही.

सीपीएस-२ बोर्डाबद्दल एक सांगायचं राहिलं, विषयाला इतकं शोभणारं आहे की सोडवत नाही. स्ट्रीट फायटर २ च्या जुन्या बोर्डांच्या नकला जगभर झाल्या होत्या म्हणून कॅपकॉमने सीपीएस-२ मधला प्रोग्रॅम कुलूपबंद केला आणि त्या कुलुपाची किल्ली बोर्डावरच्या अशा मेमरीत ठेवली जी एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि गेम मरतो. सगळ्या चिप्स धडधाकट, चित्रं आत जशीच्या तशी, पण बोर्ड सुरू होत नाही. संग्राहक या बॅटरीला सुइसाइड बॅटरी म्हणतात. पुढे हौशी लोकांनी कुलूप काढलेल्या रॉम घालून मेलेले बोर्ड उठवले, त्यांना फिनिक्स म्हणतात, आणि नंतर पुसली गेलेली किल्ली बाहेरून परत भरायची युक्तीही सापडली. ही माणसं नसती तर कितीतरी बोर्ड कचऱ्यात गेले असते.

मग २००० साली सेगाच्याच ड्रीमकास्ट कन्सोलवर, पुन्हा फक्त जपानमध्ये, व्हॅम्पायर क्रॉनिकल आला. तो मॉडेमने टेलिफोन लाइनवरून दुसऱ्याशी खेळता यावा म्हणून काढलेला होता. यात अठरा पात्रं एकत्र होती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पात्र कोणत्या भागाच्या पद्धतीने लढणार तेही निवडता यायचं. म्हणजे तुम्हाला पहिल्या भागातला डेमिट्री आवडतो आणि मित्राला सेव्हियरची लिलिथ, तर दोघं आपापल्या काळातून येऊन लढा.

आणि हाच गेम पुढे हातात आला. सोनीचा पीएसपी, हातात धरून खेळायचं मशीन, १२ डिसेंबर २००४ ला जपानमध्ये विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशीच्या गेममध्ये व्हॅम्पायर क्रॉनिकल, द केऑस टॉवर होता. २४ मार्च २००५ ला अमेरिकेत पीएसपी आला तेव्हा तिथेही पहिल्या दिवशी तो डार्कस्टॉकर्स क्रॉनिकल नावाने आला. जो ड्रीमकास्टवाला संच जपानबाहेर कुणाला मिळालाच नव्हता तो असा मागच्या दाराने, खिशातून, जगभर पोचला. ओट्याचा प्रश्न बघा, पीएसपीकडे ३२ मेगाबाइट रॅम. पहिल्या प्लेस्टेशनच्या मुख्य रॅमच्या सोळापट, आणि यंत्र तळहातावर. चित्रं फाडायची गरज उरली नाही.

माझ्या हातात ही मालिका पहिल्यांदा आली ती याच रूपात. आतेभाऊ दुबईहून आला होता, त्याच्याकडे पीएसपी आणि चार पाच यूएमडी, ती प्लास्टिकच्या खोक्यातली छोटी चकती, आणि त्यातली ही एक. लढाई सुरू व्हायच्या आधी मशीनच्या पाठीत चकती फिरल्याचा बारीक आवाज यायचा, बोटांना जाणवायचा, आता कळतं की तो माळ्यावरून सामान उतरवल्याचा आवाज होता. मी फेलिशिया निवडली आणि एक तास नुसता तिला चालवत राहिलो.

केऑस टॉवर ही त्यातली एकट्याने खेळायची वेगळी पद्धत, तीन पात्रं निवडायची आणि एका बुरुजाचे मजले चढत जायचं. लांबच्या प्रवासात, दहा मिनिटं खेळलो आणि ठेवून दिला, अशा खेळण्याला ती फार छान जमते. शेजारी दुसरा पीएसपी असेल तर वायरलेसने समोरासमोर लढता येतं. इंटरनेटवरून नाही, एकाच खोलीत. ज्या गेमचा जन्म टेलिफोनवरून लांबच्या माणसाशी खेळायला झाला तो इथे परत शेजारच्या माणसाकडे आला, मला ते आवडलं.

पण रॅम पुरली म्हणून सगळं सुटलं नाही. स्क्रीनची भानगड आहे आणि ती मला फार रंजक वाटते. सीपीएस-२ चं चित्र ३८४ बाय २२४ पिक्सेलचं. पीएसपीची स्क्रीन ४८० बाय २७२. म्हणजे आर्केडचं अख्खं चित्र एकाला एक पिक्सेल लावून आत बसतं, बाजूला जागाही उरते. वाटतं किती छान, जसंच्या तसं. पण जसंच्या तसं नाही. आर्केडचा टीव्ही ४ ला ३ प्रमाणाचा होता आणि ते ३८४ पिक्सेल त्यात दाबून बसवलेले असायचे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल चौकोनी नसून जरा उभट असायचा, आणि चित्रकारांनी ते धरूनच सडपातळ मॉरिगन काढली होती. पीएसपीचे पिक्सेल चौकोनी. तिथे एकाला एक लावलं की सगळी भुतं सवा पटीहून जास्त रुंद दिसतात, साधारण १.२९ पट, म्हणजे मॉरिगन एकदम खात्यापित्या घरची. पूर्ण स्क्रीनभर ताणलं तर अजून थोडी रुंद. आणि प्रमाण बरोबर ठेवायचं म्हटलं तर उंची २७२ ला रुंदी ३६३ पाहिजे, म्हणजे आडव्या दिशेत ३८४ वरून ३६३ वर यायचं, २१ उभ्या ओळी कुठेतरी जिरवायच्या, आणि उभ्या दिशेत २२४ वरून २७२ वर जायचं, ४८ आडव्या ओळी कुठूनतरी आणायच्या. कुठलीही जिरवा, कुठलीही आणा, हाताने एकेक पिक्सेल ठेवून काढलेल्या डोळ्याची, ओठाची रेघ थोडी बिघडणार. यातून सुटका नाही, एक काहीतरी सोडावं लागतं. माझं मत विचाराल तर प्रमाण बरोबर पाहिजे, रेघ जराशी मऊ झाली तर झाली, अंगाचा बांधा चुकला तर पात्रच चुकलं.

बटणांचं नशीब मात्र चांगलं. आर्केडला सहा लागतात, पीएसपीवर समोर चार आणि वर खांद्याला दोन, बरोब्बर सहा. दिशेचं बटण चार तुकड्यांचं असल्याने तिरकी दिशा घ्यायला अंगठा दोन तुकड्यांच्या मधून घसरवावा लागतो, आणि या गेममधल्या निम्म्या चाली खालून तिरक्यातून पुढे अशा आहेत, त्यामुळे पहिले काही दिवस अंगठा दुखतो. त्यातून मॉरिगनची डार्कनेस इल्यूजन घ्या, हलका पंच, हलका पंच, पुढे, हलकी किक, जड पंच, असं एकामागून एक, थांबायचं नाही. मोठ्या कपाटासमोर उभं राहून दोन्ही हातांनी हे वाजवल्यासारखं करता येतं, पेटी वाजवतात तसं. तळहातावरच्या मशीनवर शेवटचा जड पंच खांद्यावरच्या बटणावर असेल तर तेच सुरांचं वाक्य अंगठ्यावरून तर्जनीवर उडी मारतं. जमलं की मॉरिगनच्या दोन मॉरिगन होतात आणि समोरच्याला दोन्हीकडून धरतात, आणि हे चार पॉइंट तीन इंचाच्या स्क्रीनवर, पांघरुणात लपून, आवाज बंद करून पाहिलेलं मला अजून आठवतं.

यानंतर नवा भाग आलाच नाही. २०१३ ला डार्कस्टॉकर्स रिसरेक्शन आला पण त्यात जुनेच दोन भाग होते, ऑनलाइन खेळता येतील असे केलेले. नवीन चित्रं काढायला किती माणसं आणि किती वर्षं लागतील याचा अंदाज वर केलेल्या हिशोबावरून तुम्हाला आला असेलच. मॉरिगनचीच बघा ना, १९९४ सालच्या तिच्या चित्रांवर कॅपकॉमने पुढे २००० सालच्या मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २ मध्येही काम भागवलं, आजूबाजूला नव्याने काढलेले लोक आणि मध्ये ही जुनी. काही लोक तेव्हा नाक मुरडायचे की बारीक ठिपके दिसतात हिचे. मला ती त्या गर्दीतही सगळ्यात जिवंत वाटते.

आज खेळायचं असेल तर जून २०२२ चा कॅपकॉम फायटिंग कलेक्शन घ्या. मालिकेचे पाचही आर्केड गेम त्यात आहेत, हंटर २ आणि सेव्हियर २ धरून, आणि ऑनलाइनही चांगलं चालतं. एक आहे, क्रॉनिकल त्यात नाही, कारण तो कधी आर्केडमध्ये नव्हताच. त्यामुळे वेगवेगळ्या काळातल्या पात्रांना एकमेकांसमोर उभं करायचं तर जुना पीएसपी आणि ती चकती शोधावी, नाहीतर जपानी ड्रीमकास्टवाला. सुरुवात सेव्हियरने करा, ट्रेनिंगमध्ये जा, मॉरिगन घ्या, आणि कॉम्बो शिकायच्या आधी फक्त जड पंच मारा, दहा वेळा, वीस वेळा, आणि प्रत्येक वेळी पंख कुठे संपतो आणि भाला कुठे सुरू होतो तेवढं बघत राहा.